मावशीचा तानपुरा आणि काचेचा फ्यूज

मावशीकडे जुना इलेक्ट्रॉनिक तानपुरा आहे, रोज पहाटे रियाजाला लावते. परवा फोन आला, "अरे जरा येऊन जा, पेटीतून कसलातरी वास येतोय आणि सूर पण घरघरतोय." गेलो तर ट्रान्सफॉर्मर इतका तापलेला की हात ठेववेना, वार्निश जळल्याचा वास. मागचा फ्यूज होल्डर उघडला आणि पोटात गोळाच आला. उडालेल्या फ्यूजवर कुणीतरी रिपेअरवाल्याने वायरमधला तांब्याचा एक तंतू गुंडाळला होता.

लेबलवर लिहिलेलं एफ 250 मिली अँप. तो तंतू 0.2 मिमीचा धरला तरी वितळायला साधारण 7 अँप लागतात!! म्हणजे फ्यूज नव्हताच म्हणा ना. आत ब्रिजमधला (एसीचं डीसी करणाऱ्या चार डायोडच्या जोडणीतला) एक 4007 डायोड शॉर्ट झालेला, ट्रान्सफॉर्मर बिचारा कितीतरी दिवस तो लोड ओढत होता. एका किरकोळ डायोडपायी मावशीचं घर पेटलं असतं, मला अजून राग येतोय.

नवीन फ्यूज आणायला पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, पासोड्या विठोबाला गेलो. दुकानदार म्हणाला, "2 अँपचा घेऊन जा साहेब, उडायची कटकट नाही." मी म्हटलं नको, मला उडणाराच हवाय. 5 बाय 20 मिमीचा काचेचा एफ 250 घेतला, टोपीवर इतकं बारीक कोरलेलं असतं की मोबाईलने फोटो काढून झूम करून वाचलं. एफ म्हणजे फास्ट, टी म्हणजे सावकाश उडणारा, मोठ्या ट्रान्सफॉर्मरला चालू करताना क्षणभर जास्त करंट लागतो तिथे टी घालतात. पुढचा एल म्हणजे ब्रेकिंग कपॅसिटी, म्हणजे फ्यूज सुरक्षितपणे तोडू शकतो तो जास्तीत जास्त करंट, कमी, छोट्या रेटिंगला 35 अँपच. त्याच्यावर मोठा शॉर्ट आला तर आत आर्क (विजेची ठिणगी) होऊन काच फुटू शकते, म्हणून तशा जागी वाळू भरलेला सिरॅमिकवाला एच लागतो.

अजून एक, 250 चा फ्यूज 251 ला उडत नाही. आयईसी 60127 या फ्यूजच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे हा फास्टवाला दीडपट करंटवर निदान तासभर टिकायला हवा, पण दहापट आला की 20 मिलीसेकंदांच्या आत गेला पाहिजे, म्हणजे आपल्या 50 हर्ट्झच्या लाईनची एकच सायकल. तरी ट्रान्झिस्टर कधीकधी त्याच्याही आधी मरतो, फ्यूज मुख्यतः आग वाचवायला असतो.

आणि उडालेला फ्यूज लगेच फेकू नका, उजेडात धरून बघा. काच स्वच्छ आणि तार मधेच तुटलेली असेल तर बहुतेक हळूहळू ओव्हरलोड झालाय, काच काळी किंवा चंदेरी झाली असेल तर सरळ शॉर्ट. मावशीचा तो तंतू सोडवून बघितला तर आतली काच काळीकुट्ट होती, म्हणजे फ्यूजने त्याचं काम कधीच केलं होतं, त्यावर तार गुंडाळणाऱ्याने ती काच नुसती बघितली असती तरी डायोड तेव्हाच सापडला असता.

डायोड बदलला, फ्यूज घातला, तासभर चालू ठेवून ट्रान्सफॉर्मरवर हात ठेवून बसलो, नुसता कोमट. मावशीने लगेच काळी दोनला (तिच्या पट्टीत) सूर लावून बघितला. होल्डरशेजारी दोन जादा फ्यूज टेपने चिकटवून ठेवलेत, दोन्ही एफ 250 चेच.