तुम्ही विचारलंत म्हणून: खोटी गोळी कशाला देता?

मी संभाजीनगरात क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर आहे, म्हणजे ट्रायलमधल्या (औषध-उपचारांची माणसांवरची चाचणी) पेशंटचे फॉर्म, तारखा, फोन सगळं माझ्याकडं, त्यात पोटाच्या ट्रायल जास्त. पेशंट जालन्याचा असो का गंगाखेडचा, संमतीपत्र वाचून दाखवताना प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी, हा शब्द आला की प्रश्न ठरलेला, "मॅडम, म्हंजे आम्हाला खोटी गोळी भेटन? मंग एवढ्या लांबून कशाला यावं?" लग्नाकार्यात नातेवाईकही हेच विचारतात, फक्त जरा टोमणा मारून.

तर ऐका, पोट लई भोळं असतं. आयबीएस, म्हणजे मुरडा येतो, कधी साफच होत नाही तर कधी चारदा जावं लागतं ते दुखणं, त्याच्या ट्रायलमध्ये नुस्ती पिठाची गोळी खाऊनही शंभरात पस्तीस-चाळीस जणांना बरं वाटतं. खोटं नाही बोलत ते, खरंच आराम पडतो. हार्वर्डच्या टेड कॅप्चक यांनी २०१० साली तर कमालच केली, ८० पेशंट घेतले, त्यातल्या साधारण निम्म्यांना तोंडावर सांगून दिली की बाबांनो या गोळीत औषध नाही, तरी तीन आठवड्यांनी त्यातले ५९ टक्के म्हणाले पुरेसा आराम आहे, आणि ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्यांच्यात ३५ टक्के. आता सांगा, उद्या एखाद्या बाबानं कुठली तरी मुळी वाटली आणि शंभरातले चाळीस बरे झाले तर गावभर कोण बोलणार? ते चाळीसच. बाकीचे साठ परत बाबाकडं जातच नाहीत, मग त्यांचा हिशोब कोण ठेवणार.

वजनाचंही तेच. ओबालॉन नावाचा पोटातला फुगा होता, कॅप्सूल गिळायची, तिला बारीक नळी, नळीतून गॅस भरायचा. अमेरिकेतल्या ट्रायलमध्ये काहींना खरा फुगा आणि काहींना साखरेची कॅप्सूल, नळी वगैरे सगळं नाटक तसंच, आणि खाण्यापिण्याचा सल्ला दोघांनाही सारखाच. सहा महिन्यांनी फुगेवाल्यांचं वजन सरासरी ६.६ टक्के उतरलं, साखरवाल्यांचं ३.४. म्हणजे निम्मा उतार फुग्याचा नव्हताच, तो डाएटचा आणि कोणीतरी आपलं वजन बघतंय या धाकाचा. साखरवाले नसते तर सगळं श्रेय फुग्यानं खाल्लं असतं, आणि बिल तुम्ही भरलं असतं.

ऑपरेशनचं मात्र वेगळं. वजन-शुगरसाठी पोटाचं बायपास करतात (हृदयाचं नव्हे), त्याचं खोटं ऑपरेशन कोण करणार, म्हणून तिथं तुलना औषधांशी करतात. क्लीव्हलँड क्लिनिकच्या स्टॅम्पीड ट्रायलमध्ये शुगरचे १५० जाड पेशंट होते, पाच वर्षांनी एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी) ६ किंवा त्याखाली कोणाचं, तर नुसत्या औषधावर ५ टक्के, स्लीव्हमध्ये (पोटाचा बराच भाग कापून काढायचं ऑपरेशन) २३, बायपासमध्ये २९. रक्ताचा रिपोर्ट पोटासारखा भोळा नसतो, त्यामुळं हा फरक मी मानते. पण २९ म्हणजे १०० नाही हेही बघा, कारण "शुगर कायमची जाते" म्हणून जाहिरात करणारे बाकीच्या ७१ बद्दल चकार शब्द काढत नाहीत.

आणि हो, कमी-जास्त झालं तर ट्रायल थांबते. शुगर-वजन उतरवायला आतड्यात बसवायची एंडोबॅरियर नावाची नळी युरोपात विक्रीला होती, पण अमेरिकेतल्या ट्रायलमध्ये काही जणांच्या लिव्हरमध्ये गळू झाले आणि २०१५ मध्ये ती ट्रायल बंद पडली.

म्हणून खोट्या गोळीला घाबरू नका, घाबरायचंच तर न विचारता सही करायला घाबरा. सीटीआरआय नंबर (ट्रायलच्या सरकारी नोंदणीचा) विचारा, इजा झाली तर खर्च कोणाचा ते विचारा, मधूनच सोडता येतं का तेही विचारा (येतं, कधीही, कारण न देता). आणि ट्रायलच्याच औषधाचं बिल कोणी हातात ठेवलं तर तिथून सरळ उठा अन् बस धरा.