टकटक

चढावर चौथ्या गिअरमध्ये इंजिन टकटक वाजायला लागलं आणि बाजूच्या सीटवरून लगेच शेरा आला, “पेट्रोलमध्ये भेसळ असणार!”

असेलही. पण आधी गिअर उतरवावा. कमी वेगात इंजिनवर जास्त भार आला, की स्पार्क प्लगपासून निघालेली ज्योत पोचण्याआधीच सिलिंडरमधलं उरलेलं मिश्रण दाबाने आपोआप पेटतं. हा आवाज त्याचा.

याच टकटकीवर अमेरिकी इंजिनिअर थॉमस मिजली यांना १९२१ मध्ये टेट्राएथिल लेड हे शिशाचं संयुग पेट्रोलमध्ये मिसळण्याचा उपाय सापडला. शिसं विषारी असतं हे तेव्हाही ठाऊक होतं. अल्कोहोल मिसळूनही टकटक थांबते, हेही. तरी १९२३ पासून शिसंच विकलं गेलं, आणि गाड्यांच्या पेट्रोलमधून ते जगभरात संपायला २०२१ उजाडलं! तोवर धुरातून ते मुलांच्या रक्तात जात राहिलं. याची चीड येते.

आज ऑक्टेन, म्हणजे पेट्रोलची टकटक रोखायची ताकद, वाढवायला त्यात काय मिसळतात, हे आपल्यापैकी किती जण विचारतात?