गाडी जर्मन, बेअरिंग कोल्हापूरचं

सगळा हंगाम हरमलला किनाऱ्यालगत उभी राहिलेली एक मर्सिडीज २०७ डी आमच्या बांद्याच्या गॅरेजात आली, ती पुढच्या डाव्या चाकाची घरघर घेऊनच. गाडी १९८०च्या दशकातली. आत ओटा, गॅस, फ्रिज, पलंग, पाण्याची टाकी, असं अख्खं घर बसवलेलं. जर्मनीहून रस्त्याने आलेले नवराबायको. कार्नेची, म्हणजे परदेशी गाडी तात्पुरती देशात ठेवण्याच्या कागदाची, मुदत संपत आलेली. युरोपातून पार्ट मागवायचे म्हणजे कुरियर, कस्टम्स आणि नुसती वाट बघणं. त्यात एका गॅरेजात त्यांना सांगितलं होतं की या गाडीचं सामान भारतात मिळत नाही, आख्खा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला भाग, तिकडूनच आणा. हे खरं नाही. जुन्या मोटरहोमवाल्यांचे यातच हजारो रुपये फुकट जातात, म्हणून हे काम सविस्तर लिहितोय.

२०७ डी ही मर्सिडीजच्या टी-वन घराण्यातली. हे घराणं १९७७ ते १९९५ बनत होतं. त्याच गाडीवरून पुण्याच्या बजाज टेम्पोने १९८७ साली ट्रॅव्हलर काढली. हीच कंपनी २००५पासून फोर्स मोटर्स. २०७ डीचं ओएम ६१६ हे डिझेल इंजिनही इथे बनलेलं आहे. त्यामुळे नात्यातली गाडी आपल्या प्रत्येक तालुक्यात पळते. पण म्हणून ‘ट्रॅव्हलरचा पुढचा हब किट द्या’ असं दुकानात मागू नका. इतक्या वर्षांत ट्रॅव्हलरचे पुढचे ॲक्सल बदलत गेले आहेत. बेअरिंग गाडीच्या नावावर घ्यायचंच नसतं, ते नंबरावर घ्यायचं.

आधी दुखणं नक्की कुठलं ते बघितलं. पन्नासच्या वेगात स्टिअरिंग हळूच उजवीकडे नेलं की वजन डाव्या चाकावर येतं. तेव्हा आवाज वाढला, डावीकडे नेल्यावर कमी झाला. टायरचा आवाज असा बदलत नाही. मग जॅकवर घेऊन चाक वरून आणि खालून धरून हलवलं. प्ले (ढिलेपणा) होता. इथे बरेच जण थेट बेअरिंग बदलायला घेतात. आत बसून कोणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर हब आणि स्टब ॲक्सल (हब ज्यावर फिरतो तो दांडा) एकमेकांना जखडतात, त्यामुळे प्ले गेला तर बेअरिंगचा, राहिला तर किंगपिनचा, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या खिळीचा. इथे गेला. चाक फिरवताना दुसरा हात स्प्रिंगच्या पाट्यांवर ठेवला की खरखर बोटांना लागते, कानांपेक्षा आधी. हब गरम झालाय म्हणून बेअरिंगच गेलं असंही समजू नये. कॅलिपर, म्हणजे डिस्कला धरणारा ब्रेकचा चिमटा, चिकटला तरी हब तापतो. चाक हाताने मोकळं फिरत नसेल तर आधी कॅलिपर बघावा.

मोटरहोम जॅकवर घेणं हे कारसारखं काम नाही. पाण्याची टाकी रिकामी केली, गॅसचा कॉक बंद केला, कपाटं लावून घेतली. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओट (अडवायचे ठोकळे), जॅक ॲक्सलखाली आणि लगेच घोडी. घराचा सांगाडा बसवताना लोक चॅसिसला पट्ट्या, पेट्या, पायऱ्या जोडतात. त्यांच्यावर जॅक लावला तर पत्रा वाकतो आणि गाडी घसरते.

कॅलिपर सोडून तारेने स्प्रिंगला टांगला, ब्रेकच्या नळीवर लटकू दिला नाही. टोपी काढली, नटाचा आवळणारा स्क्रू ढिला करून नट काढला, वॉशर, बाहेरचं बेअरिंग, मग हब हातात. टोपीतलं ग्रीस पिवळं आणि बरं होतं. आतल्या बाजूचं मात्र दुधाळ, करड्या रंगाचं. ग्रीस दुधाळ म्हणजे पाणी शिरलंय. सील हाताला कडक लागलं आणि त्याची ओठाची कड एका जागी फाटलेली.

डिझेलने धुऊन आतल्या बेअरिंगचा कप, म्हणजे हबमध्ये बसणारी बाहेरची रिंग, उजेडात धरला तेव्हा सगळं उलगडलं. कपाच्या खालच्या अर्ध्या भागात शिडीच्या पायऱ्यांसारखे काळपट पट्टे होते, एकेका रोलरच्या अंतरावर. पळताना झिजलेल्या बेअरिंगला असे पट्टे पडत नाहीत. तिथे खवले उडतात किंवा सगळीकडे सारखी करडी छटा येते. हे पट्टे उभ्या गाडीचे. महिनोन्‌महिने गाडी एकाच जागी, वजन खालच्या चारपाच रोलरवर, त्यांच्याखालचं ग्रीस दाबून बाहेर गेलेलं, वर खारट दमट हवा आणि फाटक्या सीलमधून आलेलं पाणी. रोलर जिथे टेकला तिथेच गंज धरला. नंतर गाडी निघाली की प्रत्येक रोलर त्या खड्ड्यांवरून उड्या मारत जातो आणि तिथून पृष्ठभाग सुटायला लागतो. त्यात भारतात डावं चाक रस्त्याच्या कडेच्या खड्ड्यांतून जातं. किनाऱ्याला राहणाऱ्या प्रत्येक मोटरहोमवाल्याला मी हेच सांगतो: पंधरा दिवसांतून एकदा गाडी चाकाचा अर्धा वळसा तरी पुढेमागे करा, आणि भरतीच्या रेषेपर्यंत वाळूत गाडी नेऊ नका.

कप हबमध्ये घट्ट होता, ही चांगली गोष्ट. कप हबमध्ये फिरलेला असेल तर बसायची जागा आरशासारखी चकचकीत दिसते, आणि मग नुसतं नवं बेअरिंग घालून चालत नाही. काही ठिकाणी सेंटर पंचने हबच्या आतून टिंब मारून कप घट्ट करतात. ते करू नका. टिंबांची टोकं काही दिवसांत बसतात आणि कप परत फिरतो. थोडी मोकळीक असेल तर बेअरिंग बसवायचं लॉकिंग द्रव्य, जास्त असेल तर लेथवर बूश किंवा दुसरा हब. स्टब ॲक्सलही नखाने तपासला. पायरी लागली किंवा निळा रंग दिसला तर गोष्ट महाग होते. इथे दोन्ही नव्हतं.

आता नंबर. बाहेरच्या बेअरिंगचा नंबर रिंगेच्या बाजूवर स्पष्ट होता. आतल्याचा गंजाने खाल्लेला. अशा वेळी व्हर्नियर घ्यायचा आणि तीन मापं काढायची: आतला व्यास, बाहेरचा व्यास, आणि कप व कोन (रोलरांसह आतली रिंग) एकत्र बसवून पूर्ण रुंदी. मेट्रिक टेपर रोलर बेअरिंगचा नंबर वाचायला सोपा असतो. पहिला ३ म्हणजे टेपर (निमुळता) रोलर, मधले दोन आकडे मालिका, शेवटचे दोन पाचाने गुणले की आतला व्यास. समजा ३५, ७२ आणि २४.२५ मिमी आलं, तर ते ३२२०७. व्यास तेच आणि रुंदी १८.२५ आली, तर ३०२०७. दोन्ही स्टबवर बसतात, दोन्ही हबमध्ये बसतात, पण ६ मिमीच्या फरकाने हब आत-बाहेर सरकतो, डिस्क कॅलिपरला घासते किंवा नटाला आटे पुरत नाहीत. रुंदी न मोजता नंबर ठरवणाऱ्या दुकानातून सामान घेऊ नये.

अमेरिकन मोटरहोम किंवा ट्रेलरचा ॲक्सल असेल तर मापं इंचात येतात. तिथे कोनाचा आणि कपाचा नंबर वेगळा असतो. एलएम ६७०४८ हा कोन सव्वा इंची, त्याचा कप एलएम ६७०१०. दोन्ही नंबर सांगितल्याशिवाय पूर्ण बेअरिंग हातात येत नाही.

कोल्हापूरच्या बेअरिंगवाल्याला फोन लावला आणि गाडीचं नाव घेतलं, तसा तो म्हणाला, “गाडी कुठली ते र्‍हाऊ दे दादा, नंबर सांग.” हाच खरा बेअरिंगवाला. या मापांची बेअरिंग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला, गिअरबॉक्सला, पंपाला, कुठेही लागतात. आंतरराष्ट्रीय मापाची असल्यामुळे कंपनी कुठलीही असो, बाहेरची मापं तीच. जयपूरची एनबीसी, चिंचवडला बनणारी एसकेएफ, टिमकेन, सगळी चालतात. फक्त एका कंपनीचा कप आणि दुसऱ्या कंपनीचा कोन जोडू नये, आणि जुन्या कपावर नवा कोन तर मुळीच नाही. दोन्ही चाकांची मिळून चार बेअरिंग ३,००० रुपयांच्या आत आली आणि एसटीच्या पार्सलने पोचली. उजवं चाक आवाज करत नसलं तरी त्याच खाऱ्या हवेत तितकेच दिवस उभं होतं, म्हणून तेही उघडलं. पट्ट्यांची सुरुवात तिथेही होती.

स्वस्त मिळतंय म्हणून नकली घेऊ नका. मोठ्या नावांच्या नकला बाजारात भरपूर फिरतात. खऱ्या बेअरिंगवरची अक्षरं लेझरने बारीक आणि एकसारखी कोरलेली असतात, नकलीवर ती पसरट, खोल, कधी हाताने पुसली जाणारी. खोक्यावरचा आणि रिंगेवरचा नंबर जुळवावा, कोड स्कॅन करून बघावा, आणि पक्कं बिल मागावं. बिल देत नसेल तर उठून यावं.

बेअरिंग सहज मिळालं, अडलं सीलवर. जुन्या सीलचं माप घेऊ नका, रबर सुजलेलं किंवा आकसलेलं असतं. स्टबवर जिथे सीलचा ओठ फिरतो तो व्यास आणि हबमधल्या खाचेचा व्यास मोजा. दोन्ही व्यास तंतोतंत हवेत. जाडी मात्र दोन मिमी कमी चालते, फक्त ओठ घासून खाच पडलेल्या जागी न येता कोऱ्या जागेवर आला पाहिजे. आम्हाला नेमकं तेच मिळालं. १२ ऐवजी १० मिमी जाडीचं दुहेरी ओठाचं सील बेळगावच्या सीलवाल्याकडून आलं, आणि दोन मिमी आतबाहेर बसवून ओठ स्वच्छ पट्टीवर आणता आला. या सीलला जास्तीचे शंभर रुपये गेले तर जाऊ द्यावेत. बेअरिंग मारणारं पाणी इथूनच शिरलं होतं.

जुना कप काढायला हबच्या आतून खाचा असतात. तिथे पितळी दांडा लावून आलटून पालटून समोरासमोर ठोकायचं, म्हणजे कप तिरका होत नाही. एक कप गंजाने धरून बसला होता. त्याच्या आतल्या पृष्ठभागावर वेल्डिंगचा एक गोल टाका फिरवला. थंड होताना तो आकसला आणि कप हाताने निघाला. जुना कप तसाही फेकायचाच असतो, त्यामुळे ही युक्ती बिनधास्त वापरावी, फक्त हबला आर्क लागू द्यायचा नाही.

नवे कप त्या गाडीच्याच फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवले आणि हब उकळत्या पाण्याने गरम करून पुसून घेतले. कप जवळजवळ हाताने उतरले. शेवटचे ठोके जुन्या कपाच्या आडून दिले. टेकला की ठोक्याचा बद्द आवाज जाऊन टणटणीत येतो. तरीही ०.०५ मिमीची फिलर पट्टी (फट मोजायची पातळ पट्टी) कपाखाली कुठेही जात नाही ना, ते सगळीकडून बघितलं. एका बाजूला जरी फट राहिली, तरी शे-दोनशे किलोमीटरनंतर कप बसतो आणि प्ले उघडतो.

ग्रीस तळहातावर घेऊन कोनाच्या रुंद बाजूने दाबत राहायचं, वरून रोलरांमधून ते बाहेर येईपर्यंत. हबच्या पोकळीत साधारण तिसरा हिस्सा, टोपीत थोडंसं. पोकळी गच्च भरली तर ग्रीस घुसळून तापतं आणि सील ढकलून डिस्कवर येतं. डिस्क ब्रेक असल्याने लिथियम कॉम्प्लेक्स दोन नंबर ग्रीस. किनाऱ्याला कायम राहायचं असेल तर कॅल्शियम सल्फोनेटवालं पाण्याला जास्त टिकतं. जुनं ग्रीस पूर्ण धुतल्याशिवाय नवं घालू नये, सगळी ग्रीस एकमेकांशी जमत नाहीत आणि मिसळून पातळ होतात.

मग नट. हब फिरवत फिरवत बेताने आवळला, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात. मग पूर्ण सोडला आणि परत बोटांनी टेकवला. टेपर बेअरिंगला पुढच्या हबमध्ये दाब देऊन ठेवायचं नसतं, किंचित मोकळीक हवी, आणि या घराण्याच्या गाड्यांत ती मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शांत मोजतात. गाडीच्या पुस्तकातला आकडा प्रमाण मानून डायल गेज (बारीक हालचाल मोजायचं घड्याळ) लावला. गेज नसेल तर जुनी खूण: नटाखालचं वॉशर स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने, कशावर टेका न घेता, सरकलं पाहिजे, पण चाक हलवल्यावर खडखड लागता कामा नये. वॉशर अडकलं तर नट जास्त आवळलाय. कुठे चुकायचंच असेल तर केसभर सैल बरं. सैल बेअरिंग आवाज करून सांगतं, आवळलेलं काही न सांगता जळतं.

पंधरा किलोमीटर फिरवून दोन्ही हबना हात लावला. दोन्ही कोमट, सारखेच. चाकाचे नट पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे आणि पाचशेनंतर चाक उचलून प्ले बघायचा, हे त्यांना लिहून दिलं. चारही बेअरिंगांचे आणि सीलचे नंबर ओट्यावरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवले, सोबत एक जादा सील आणि बाहेरचं एक बेअरिंग. निघण्याआधी पाणी, गॅस आणि सामान भरलेल्या अवस्थेत गाडी वजनकाट्यावर नेली, आधी पुढचा ॲक्सल एकटा, मग अख्खी. पुढचं वजन गाडीच्या पाटीवर दिलेल्या कमाल आकड्याच्या वर गेलं होतं. पुढच्या बाकाखालची हत्यारांची पेटी आणि जादा बॅटरी मागच्या ॲक्सलजवळ हलवल्यावर ते पाटीच्या आत आलं.