आंबा संपल्यावर

मे महिन्यात आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसते. कुडाळ तालुक्यातल्या आसपासच्या गावांतली माणसं आपापले आंबे घेऊन येतात. आम्ही रस काढून ८५० ग्रॅमच्या डब्यांत भरतो, सील करतो, उकळून देतो. २००९ साली रस काढायचा एक पल्पर, हातानं फिरवायचं सीलिंग मशीन आणि दोन मोठी पातेली एवढ्या भांडवलावर आम्ही दोघांनी हे सुरू केलं. कोकम, करवंद, जांभूळ सगळं त्याच दोन-अडीच महिन्यांत येतं. मिरग पडला की यंत्रांवर ताडपत्री, कामाच्या बायका लावणीला, आणि बँकेचा हप्ता मात्र आषाढातही चुकत नाही.

टोमॅटो आमच्याकडे आला तो कोल्हापूरहून भाजी आणणाऱ्या टेंपोवाल्यामुळे. २०१३ च्या थंडीत तो म्हणाला, "वहिनी, वर भाव मातीमोल झालाय, परत न्यायला डिझेल परवडत नाही. पाच क्रेट उतरवू?" उतरवले. शंभर किलोच्या वर माल होता. दिवसभर चुलीपाशी उभं राहून सॉस निघाला तो तीसेक किलो. टोमॅटोत ९४-९५ टक्के पाणी असतं हे तोवर फक्त ऐकलेलं, त्या दिवशी ते पाणी आटवायला किती लाकडं लागतात ते कळलं. पण सॉस शेजाऱ्यांना आवडला आणि आम्ही हुरळून गेलो.

पुढच्या वर्षी टोमॅटोही घरचाच हवा म्हणून भातकापणीनंतर मळ्यात रोपं लावली. आमची माती तांबडी, आंबट, त्यात हवा दमट. फळ धरायच्या सुमाराला एकेक झाड दुपारी मान टाकायला लागलं. पानं हिरवीच, आणि दोन-तीन दिवसांत झाड उभ्या उभ्या गेलं. ही मर. त्या मेलेल्या झाडांवरचे टोमॅटो फुकट जाऊ नयेत म्हणून तेही पातेल्यात घातले. शिवाय सासूबाईंच्या सांगण्यावरून व्हिनेगर अर्ध्यावर आणून थोडं कोकमाचं आगळ घातलं. चव छान होती, खोटं कशाला सांगू.

भरायला बसलो आणि लाईट गेली. मेणबत्त्या लावून, गप्पा मारत, कोमट झालेला सॉस शंभरेक बाटल्यांत भरला. दहाव्या दिवशी रात्री मागच्या खोलीत फट् आवाज झाला. मग आणखी एक. सकाळी बघतो तर भिंतीवर लाल शिंतोडे, आंबूस वास, आणि उरलेल्या बाटल्यांची झाकणं फुगलेली. सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "बाटलेत भूत इला काय गो?" दुकानांत गेलेल्या बाटल्या आमच्या ह्यांनी मोटारसायकलवर फिरून परत आणल्या. पैसे परत दिले. सगळा माल माडाच्या मुळाशी ओतला.

त्यानंतर दापोलीच्या कृषी विद्यापीठात प्रशिक्षणाला गेले. तिथे पहिल्यांदा समजलं की हापूसनं आम्हाला लाडावून ठेवलं होतं. आमचे डबे टिकायचे ते नुसत्या उकळण्यानं नव्हे, रसातल्या आंबटपणामुळेही. टोमॅटो काठावर असतो. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त. तो ४.६ च्या खाली असला तर ठीक. वर गेला तर बोट्युलिनम नावाचा जंतू बंद बाटलीत वाढून विष तयार करू शकतो, आणि त्याचे बीजाणू साध्या उकळत्या पाण्यात मरत नाहीत. त्याला प्रेशरमध्ये १२१ अंश लागतात. आमच्या बाटल्या फुटल्या त्या यीस्टमुळे, म्हणजे निदान आवाज करून तरी. हे विष आवाज करेलच असं नाही. मेलेल्या झाडाच्या फळात आंबटपणा कमी असतो, त्याची भाजी करा पण बाटलीत भरू नका, असं सरांनी सांगितलं तेव्हा मी मान खाली घालून वहीत लिहीत राहिले.

आता हॉटेलांसाठी जो नुसता गाळीव रस भरतो त्यात लिटरला अर्धा चहाचा चमचा सायट्रिक ॲसिड जातं. लिंबू नाही, कारण प्रत्येक लिंबाचा आंबटपणा वेगळा. सॉसमध्ये साखरेचा तिसरा हिस्सा सुरुवातीला घालायचा, रंग धरून राहतो. मीठ आणि व्हिनेगर अगदी शेवटी. कांदा, लसूण, दालचिनी, मिरची फडक्याच्या पुरचुंडीत बांधून पातेल्यात सोडायची. लवंगेची मात्र डोकी खुडून टाकायची. हे काम आमच्याकडची एक मावशी नखानं इतकं झपाट्यानं करते की बघत राहावं. लवंगेतलं टॅनिन आणि झाकणाचं लोखंड एकत्र आलं की बाटलीच्या गळ्याशी सॉस काळा पडतो. गिऱ्हाईकाला ती बुरशी वाटते, आणि त्याला समजावत बसण्यापेक्षा लवंगा खुडणं सोपं. भरताना सॉस ८५ अंशांच्या वर, झाकण लागताच बाटली आडवी, म्हणजे झाकणही आतून भाजून निघतं. मग गरम पाण्यात अर्धा तास. जनरेटर पहिल्या नफ्यातूनच घेतला.

२०२० नंतर केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत कर्ज काढून वाफेची कढई घेतली, ३५ टक्के अनुदान मिळालं. कागदपत्रांची फाईल कढईपेक्षा जड झाली होती. २०२३ च्या जुलैत टोमॅटो शंभरीच्या वर गेला तेव्हा सॉस बंदच ठेवला. भोपळा मिसळून लाल रंग टाकायचा सल्ला देणारे भेटले, त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. "कोकणात टोमॅटो?" असं अजूनही विचारतात. लेबलावर आम्ही टोमॅटो घाटावरचा असंच छापतो.

प्रत्येक घाण्यातल्या दोन बाटल्या चुलीवरच्या फळीवर पंधरा दिवस राहतात, उबेत. रोज सकाळी देवाला फुलं वाहून झाली की सासूबाई एकेक झाकण अंगठ्यानं दाबून बघतात. पंधराव्या दिवशी त्या "सगळ्यो गप आसत" म्हणाल्या की खोके गाडीत चढतात.