रेशेन ते मेरान : आडिजे नदीच्या काठाने सायकलवरचा एक दिवस

आल्प्समधील रेशेन खिंडीजवळ, ऑस्ट्रियाची हद्द संपून इटलीची सुरू होते त्या ठिकाणी, आडिजे नदीचा उगम आहे. ४१० किलोमीटर वाहत जाऊन एड्रियाटिक समुद्राला मिळणाऱ्या या नदीचे वरचे खोरे फिन्शगाऊ या नावाने ओळखले जाते. खिंडीजवळच्या सरोवरापासून मेरान शहरापर्यंत सुमारे ऐंशी किलोमीटरचा सायकलमार्ग आहे आणि त्यात साधारण १,५०० मीटरवरून ३२५ मीटर उंचीपर्यंत उतरावे लागते. उतार म्हटल्यावर बरेच जण हा टप्पा अर्ध्या दिवसात उरकतात. माझ्या मते त्यासाठी पूर्ण दिवस राखून ठेवावा आणि त्यातला मोठा वाटा वरच्या अर्ध्या भागाला द्यावा.

म्युनिककडून येणाऱ्यांना लांडेकपर्यंत रेल्वेने येऊन पुढे नाउडर्समार्गे खिंड चढता येते. आम्ही आदल्या दिवशी तसेच करून रेशेन गावात मुक्काम केला आणि सप्टेंबरातल्या थंड सकाळी हातमोजे घालूनच निघालो. उन्हाळ्यातही इथली सकाळ गारठ्याची असते, म्हणून वारा अडवणारे जाकीट बॅगेच्या तळाशी न ठेवता वरच ठेवावे.

सरोवराच्या पाण्यातून वर आलेला ग्राउनच्या जुन्या चर्चचा मनोरा पाहण्यासाठी पूर्वेकडच्या काठाने जावे. हा मनोरा चौदाव्या शतकातला आहे. वीजनिर्मितीसाठी बांधलेल्या धरणात १९५० साली ग्राउन गाव संपूर्ण आणि रेशेनचा बराचसा भाग बुडाला, १६३ घरे गेली. रहिवाशांचा विरोध होता, पण तो जुमानला गेला नाही. काठावर छायाचित्रे काढणाऱ्यांची गर्दी असते. पर्यटकांच्या बस येण्यापूर्वी, सकाळी लवकर पोहोचल्यास या जागेशी थोडा वेळ शांतपणे थांबता येते, आणि इथे थांबलेच पाहिजे असे मला मनापासून वाटते.

धरण ओलांडून सांक्ट फालेंटीनचे छोटे सरोवर मागे पडले की खरा उतार लागतो. ग्लुर्न्सपर्यंतच्या वीसेक किलोमीटरांत जवळजवळ सहाशे मीटर उंची कमी होते, आणि बुर्गाइस गावाच्या आसपास तर चढण चढत उलट दिशेने येणारे सायकलस्वार उतरून चालताना दिसतात. सामानाने भरलेली सायकल इथे फार जोर घेते. ब्रेक सतत दाबून न ठेवता थोड्या थोड्या वेळाने दाबून सोडावेत आणि निघण्यापूर्वी ब्रेकपॅडची जाडी अवश्य पाहावी. समोर, आकाश मोकळे असेल तर, ३,९०५ मीटर उंचीचे ओर्टलर शिखर बर्फासह दिसते. ते पाहायचे असेल तर थांबूनच पाहावे.

ग्लुर्न्स हे तटबंदी शाबूत राहिलेले चिमुकले गाव आहे. तेथील बेकरीत राईच्या पिठाची, एकमेकींना चिकटवून भाजलेल्या दोन चपट्या गोल पावांची जोडी मिळते. तिला ‘पार्ल’ म्हणतात. पाव तोडताच ओळखीचा वास येतो, कारण त्यात मेथीच्या कुळातल्या निळ्या मेथीची पूड असते. स्थानिक चीज आणि हा पाव एवढ्यावर दुपार निभावते. शाकाहारी प्रवाशांनी पावाच्या गोळ्यांचा ‘क्नोडल’ हा पदार्थ मागवताना तो पालकाचा आहे याची खात्री करावी. साध्या क्नोडलमध्ये बहुधा डुकराचे मांस असते.

लास गावात पांढऱ्या संगमरवराच्या खाणी आहेत, आणि इथल्या पदपथांनाही तोच दगड वापरलेला आहे. त्याच्या पुढे मात्र मैलोगणती सफरचंदांच्या बागा लागतात. सप्टेंबरात तोडणी चालू असल्याने खोक्यांनी भरलेले ट्रॅक्टर सायकलमार्गावरही येतात. त्यांना वाट द्यावी. बागांमध्ये फवारणी चालू दिसल्यास थोडे थांबून मगच पुढे जावे. या फवारणीचा प्रश्न इथे जिव्हाळ्याचा आहे : याच खोऱ्यातल्या माल्स गावच्या नागरिकांनी २०१४ साली सार्वमतात रासायनिक कीटकनाशकांवर बंदी घालण्याच्या बाजूने मोठ्या बहुमताने कौल दिला होता आणि त्यावरून पुढे न्यायालयीन लढाई झाली.

खोऱ्यात पाऊस कमी पडतो आणि उत्तरेकडचे डोंगर उन्हाने करपलेले दिसतात, त्यामुळे खालच्या भागात तहान फार लागते. गावोगावी वाहत्या पाण्याचे हौद आहेत. पाणी पिण्यायोग्य नसल्यास तशी जर्मन व इटालियन भाषांत पाटी असते. दुपारनंतर खोऱ्यातून वर वाहणारा वारा श्लांडर्सच्या पुढे आम्हाला समोरून लागला आणि उतार असूनही पायडल मारत राहावे लागले. हेही सकाळी लवकर निघण्याचे एक कारण समजावे.

थकवा आला, तर माल्स ते मेरान ही २००५ साली पुन्हा सुरू झालेली रेल्वे सोबतीला आहे. सायकलसाठी वेगळे तिकीट लागते, हंगामात सायकली नेण्यावर मर्यादा येतात आणि मार्गावरील कामांमुळे गाड्यांऐवजी बस धावत असण्याचीही शक्यता असते, म्हणून आधी चौकशी करावी. स्थानकांच्या पाट्यांवर प्रत्येक गावाची दोन नावे असतात. नकाशावर दोन्ही नोंदवून ठेवावीत.

नाटुर्न्सनंतर ट्योलपाशी नदी अरुंद होते आणि मार्ग नागमोडी वळणांनी मेरानच्या सपाटीवर उतरतो. दिवसभराच्या श्रमानंतर येणाऱ्या या वळणांवर चालणाऱ्यांची आणि लहान मुलांचीही वर्दळ असते, तेव्हा वेग आवरावा व घंटी वाजवत जावे. मेरानमध्ये मुक्काम केल्यास दुसऱ्या दिवशी बोल्झानोपर्यंतचा तीसेक किलोमीटरचा जवळजवळ सपाट रस्ता दुपारच्या जेवणाआधी सहज होतो.