मुळांचं वळण आणि 360 वॅट-अवर: हलक्या ई-माउंटन सायकलवरचा पहिला दिवस

त्या वळणावर मी गेली सहा वर्षं पाय टेकत आलोय. जंगलातली अरुंद वाट डावीकडे वळते, वळता वळता चढ एकदम उभा होतो आणि नेमकी तिथेच झाडाची तीन मुळं आडवी पसरली आहेत. पहिलं मूळ वेगाच्या जोरावर पार होतं, दुसऱ्यावर मागचं चाक घसरतं. तिसऱ्यापर्यंत सायकलवर बसून मी कधी पोचलोच नव्हतो. शनिवारी पोचलो आणि ओलांडून वर गेलो. वर सायकल झाडाला टेकवली, चालत खाली आलो आणि ती मुळं पुन्हा एकदा नीट बघून घेतली. या सायकलबद्दल लिहायला बसलो ते त्या वळणामुळेच.

आधी सायकलची ओळख. पुढे 150 आणि मागे 140 मिलिमीटर सस्पेन्शन, 29 इंची चाकं आणि टीक्यू कंपनीची एचपीआर50 मोटर. मोटरचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, 50 न्यूटन-मीटर, जास्तीत जास्त ताकद 300 वॅट, वजन 1.85 किलो. फ्रेमच्या आत 360 वॅट-अवरची बॅटरी (वॅट-अवर म्हणजे साठवलेल्या ऊर्जेचं माप), तिचं वजन 1.83 किलो. पेडलसकट सायकल काट्यावर 18.4 किलो भरली. माझी जुनी बिनमोटरची सायकल 14.6 किलोची आहे. म्हणजे वाढलेलं वजन जवळजवळ सगळं मोटर आणि बॅटरीचंच, आणि तेही खाली, पेडलांच्या आसपास. पूर्ण ताकदीच्या ई-सायकली बहुतेक 22 ते 25 किलोंच्या असतात आणि त्यांच्या मोटरचा टॉर्क 85 न्यूटन-मीटर किंवा त्याहूनही जास्त असतो. या दोन आकड्यांमध्ये निवड करायची म्हणजे चढ निवडायचा की उतार निवडायचा, असं मला वाटायचं. ते तितकं सरळ नाही, हे दिवसभरात कळलं.

निघण्यापूर्वी अर्धा तास सस्पेन्शनसाठी ठेवा, ही माझी पहिली विनंती. जुन्या सायकलवरचे हवेचे आकडे इथे चालत नाहीत. मागच्या शॉकला 30 टक्के सॅग धरला, म्हणजे नुसतं बसल्यावर सस्पेन्शन जितकं दबतं तितका भाग; पुढच्या फोर्कला 20. टायरमध्ये हवेचा दाब पुढे 21 आणि मागे 24 पीएसआय. माझं वजन 74 किलो आहे, त्यानुसार तुम्ही कमी-जास्त करा. कंपनीने बसवलेला मागचा टायर पातळ भिंतीचा होता. तो मी आधीच बदलून जाड घेतला. दोन-तीनशे ग्रॅम वाढले, पण मोटर लावून दगडांवर चढताना मागच्या चाकावर जो भार येतो, तो बघता ते वजन सत्कारणी लागलं.

पहिला चढ जंगलातल्या कच्च्या रस्त्याचा, 520 मीटर उंचीचा. जुन्या सायकलवर मला इथे सव्वा तास लागतो. या वेळी मधल्या मोडवर (मोटरने किती साथ द्यायची त्या तीन पायऱ्यांपैकी मधलीवर) 44 मिनिटं लागली. घाम तितकाच आला, धाप तितकीच लागली, फक्त वर लवकर पोचलो. हलक्या मोटरचा स्वभाव इथेच कळतो. ती तुम्हाला ढकलत नेत नाही, तुम्ही जे देता त्यात भर घालते. वरच्या नळीवरच्या छोट्या स्क्रीनवर माझे 140 वॅट आणि त्याखाली मोटरचे वॅट दिसत होते. पाय सैल सोडले की दोन्ही आकडे एकदम खाली यायचे. आवाज जवळजवळ नाहीच. या मोटरमध्ये हार्मोनिक पिन-रिंग नावाची रचना आहे, नेहमीसारखी दातेरी चक्रांची साखळी नाही. त्यामुळे खडीवर टायरचा आवाज मोटरच्या वरचढ होता. मध्येच एक सुतारपक्षी टकटकत होता, तोही स्पष्ट ऐकू आला. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण जंगलात मी जातो ते निम्मं कानांसाठी.

चढाच्या शेवटी बॅटरी 71 टक्के होती. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

आता ते वळण. पहिल्या प्रयत्नात मी जुन्या सवयीने जड गियरवर, जोर लावत शिरलो. दुसऱ्या मुळावर पेडलांचा वेग मेला, मोटरही मंदावली, चाक घसरलं आणि पाय खाली आला. हलक्या मोटरला जड गियर आवडत नाही. पेडलं मिनिटाला 75-80 फेऱ्यांनी फिरत असली की ती खुलते. बॉशच्या परफॉर्मन्स लाइन एसएक्स या हलक्या मोटरमध्ये तर हे आणखी ठळक आहे. तिची 600 वॅटची कमाल ताकद पाय भराभर फिरवले तरच हाती लागते.

दुसऱ्यांदा वळणाच्या वीस फूट आधीच दोन गियर हलके केले आणि डाव्या अंगठ्याने मोड सगळ्यात वर नेला. ड्रॉपरने, म्हणजे बटण दाबून वर-खाली होणाऱ्या सीटच्या दांड्याने, सीट तीन बोटं खाली घेतली. सीटच्या टोकावर सरकलो, कोपरं वाकवून छाती हँडलजवळ आणली. नाहीतर पुढचं चाक उचलतं. पहिलं मूळ गेलं. दुसऱ्यावर चाक एकदा फिरल्या जागी फिरलं, पण मी पाय थांबवले नाहीत, आणि टायरने पुन्हा पकड घेतली. तिसऱ्याच्या आधी पेडल मुळाला आपटणार हे दिसत होतं. तिथे पूर्ण फेरी न मारता पाव फेरी पुढे, पाव फेरी मागे, पुन्हा पाव फेरी पुढे असं केलं. एवढ्याशा दाबावरही मोटर लगेच साथ देते. मागचं चाक मुळावर चढलं, क्षणभर तिथेच राहिलं आणि सुटलं. मोटर होती म्हणून जमलं, हे खरंच आहे. पण नुसत्या मोटरने जमलं नसतं, याचा पुरावा पहिल्या प्रयत्नात मिळालाच होता.

एक सूचना याच संदर्भात. भार असताना गियर बदलू नका. मी एकदा बदलला आणि चेनने असा कडकन आवाज काढला की पोटात गोळा आला. पायाचा आणि मोटरचा जोर एकाच वेळी चेनवर असतो. अर्धी फेरी पाय सैल सोडा, मग गियर टाका. आणि जादा चेन-लिंक खिशात असू द्या.

उतारावर मला सगळ्यात जास्त धास्ती होती आणि तिथेच सगळ्यात जास्त सुख मिळालं. मित्राची 24 किलोची सायकल मी चालवलेली आहे. सरळ खडबडीत उतारावर ती रुळावरून धावल्यासारखी जाते, पण अरुंद वळणात तिला वळवायला आधी मनाची तयारी करावी लागते. ही सायकल विचार केला की वळते. छोट्या उंचवट्यावर हात-पाय दाबून उचलली की उचलली जाते. बिनमोटरच्या सायकलपेक्षा जड आहे हे फक्त दोन ठिकाणी जाणवलं: लांब उतारावर ब्रेक थोडे आधी धरावे लागतात, आणि उडी मारून उतरताना ती जमिनीवर जास्त ठामपणे बसते. दुसरी गोष्ट मला आवडली. वाटेत एक झाड आडवं पडलं होतं, कमरेइतकं उंच. 18 किलोंची सायकल एकट्याने त्यावरून पलीकडे नेता आली. ज्यांच्या वाटांवर फाटकं, पायऱ्या, ओढे आहेत त्यांनी हा मुद्दा टॉर्कच्या आकड्याइतकाच मोजावा.

आता चूक सांगतो, कारण मागून येणाऱ्यांना तिचाच उपयोग जास्त होईल.

वळणाचा तो चढ 310 मीटर उंचीचा. संपला तेव्हा बॅटरी 44 टक्के होती. आनंदाच्या भरात उतरून तोच चढ पुन्हा चढलो, पुन्हा सगळ्यात वरच्या मोडवर. 17 टक्के उरले. मधल्या चढ-उताराच्या पट्ट्यात मोड खाली घ्यायचं भान राहिलं नाही. गाडीपर्यंतचा शेवटचा 250 मीटरचा चढ समोर आला तेव्हा स्क्रीनवर 8 टक्के होते. साधारण 140 मीटर उरलेले असताना मोटर थांबली.

हे टाळायचा हिशोब सोपा आहे, आणि तो किलोमीटरमध्ये नाही, उंचीमध्ये करायचा. माणूस, सायकल, पाणी, सामान मिळून 100 किलो धरा. 100 किलो 100 मीटर वर न्यायला सुमारे 27 वॅट-अवर ऊर्जा लागते. चाकांचं घर्षण आणि मोटरमधला अपव्यय वेगळा. त्यातला काही भाग तुमचे पाय देतात, बाकीचा बॅटरी. माझ्या बाबतीत मधल्या मोडवर एका टक्क्यात 18 मीटर उंची मिळाली, वरच्या मोडवर जेमतेम साडेअकरा. पहिल्या फेरीत तुमचा स्वतःचा आकडा असाच काढा, मग नकाशावरची उंची त्याने भागा. स्क्रीनवरच्या किलोमीटरच्या अंदाजावर डोंगरात विसंबू नका, कारण समोर चढ आहे की उतार हे त्याला माहीत नसतं.

मोटर बंद पडल्यावरची वीस मिनिटं मात्र वाईट गेली नाहीत. पेडल मारताना मोटरचा अडथळा जाणवला नाही. थोडी जड सायकल चढवतोय, इतकंच. पूर्ण ताकदीच्या सायकलवर बॅटरी संपली असती तर बहुधा मी ढकलत आलो असतो.

ज्यांना मोठी फेरी करायची आहे त्यांच्यासाठी या मोटरला 160 वॅट-अवरची जादा बॅटरी मिळते, बाटलीच्या जागी बसते. विमानाने जाणार असाल तर लक्षात ठेवा, प्रवासी विमानात 160 वॅट-अवरपेक्षा मोठी बॅटरी नेता येत नाही आणि 100 ते 160 मधलीला विमान कंपनीची आधी परवानगी लागते. म्हणजे मुख्य बॅटरी घरीच राहणार. वेगाचा नियमही देशागणिक बदलतो. युरोपात ताशी 25 किलोमीटरला मोटरची साथ सुटते, अमेरिकेत क्लास 1 सायकलींना ताशी 20 मैलांची मर्यादा आहे. काही वाटांवर ई-सायकलला बंदी असते. पाटी वाचल्याशिवाय शिरू नका.

सोबतीचंही पाहा. बिनमोटरच्या मित्रांबरोबर सगळ्यात खालचा मोड लावला की गप्पा मारत जाता येतं. पूर्ण ताकदीच्या मोटरवाल्यांच्या मागे लागलात तर बॅटरी आणि पाय दोन्ही दुपारपर्यंत संपतील.

घरी आल्यावर चिखल साध्या पाण्याने आणि ब्रशने काढला. बेअरिंगवर आणि मोटरच्या सांध्यांवर जोराच्या फवाऱ्याचं पाणी मारू नका. बॅटरी तासभर निवू दिली, मग चार्जिंगला लावली. आठवडाभर सायकल निघणार नव्हती म्हणून 60 टक्क्यांवर थांबवली. पुढच्या वेळी कच्चा रस्ता सगळ्यात खालच्या मोडवर चढणार आहे. वरचा मोड त्या तीन मुळांसाठी राखून.