लेकीच्या हायस्कूलची फी

आम्ही मूळचे वसईचे. मी धर्मग्रामाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, मराठी शाळेत शिकले आणि माझी फी बाबांनी वाडीतल्या केळ्यांच्या पैशांतून भरली. त्यामुळे लेकीनेही कॅथलिक शाळेतच शिकावं, ही माझी मनापासूनची इच्छा. पण इथे न्यू जर्सीत, एडिसनला, ती आठवीत गेली आणि नववीपासूनच्या चार वर्षांच्या हायस्कूलच्या फीचा आकडा समोर आला : वर्षाला वीस हजार डॉलरच्या आसपास. सरकारी हायस्कूल फुकट, शिवाय चांगलं. या राज्यात खासगी शाळेच्या फीसाठी सरकारी व्हाउचर, म्हणजे सरकारकडून पैसेही मिळत नाहीत.

ऑक्टोबरमध्ये तीन कॅथलिक शाळांची ओपन हाउस, म्हणजे पालकांना शाळा दाखवायचे कार्यक्रम, पाहिली. एका ठिकाणी मुख्याध्यापिका स्वतः दारात उभ्या राहून प्रत्येक मुलीला नाव विचारत होत्या. एवढी धडपड कशासाठी, ते चौकशी केल्यावर कळलं. साउथ अँबॉयचं कार्डिनल मॅकॅरिक हे कॅथलिक हायस्कूल २०१५ साली बंद झालं. बास्केटबॉलसाठी देशभर नावाजलेलं जर्सी सिटीचं सेंट अँथनीही २०१७ साली. नववीचा पट रोडावला की शाळाच धोक्यात येते.

नोव्हेंबरमध्ये एचएसपीटी ही प्रवेशपरीक्षा झाली. २९८ प्रश्न, वेळ अडीच तासांहूनही कमी. तिच्या गुणांवर शिष्यवृत्तीही ठरते, हे आम्हाला फार उशिरा कळलं. आधी माहीत असतं, तर गणिताची तयारी उन्हाळ्यातच सुरू केली असती.

तिन्हीकडून प्रवेशाची पत्रं आली. पहिल्या शाळेने सहा हजारांची सवलत दिली, दुसरीने चार हजारांची. लेकीचं मन जिच्यावर बसलं होतं, त्या तिसरीच्या पत्रात अभिनंदन होतं आणि अनामत भरायची तारीख. आर्थिक मदतीचा अर्ज आम्ही टॅक्सच्या कागदांसकट कधीच भरला होता, पण त्याचं उत्तर येण्याआधीच अनामतीची मुदत संपत होती, आणि ती रक्कम परत मिळणारी नव्हती. हे मला अजूनही अन्यायाचं वाटतं. घरचं गणित जुळेल की नाही हे कळण्याआधीच आईबापांनी पैसे कसे अडकवायचे?

शाळेशी फीची घासाघीस करायची, या विचारानेच मला संकोच वाटत होता. तरी तिसऱ्या शाळेला ईमेल लिहिला. पहिल्या शाळेचं पत्र जोडलं, आम्हाला किती झेपेल तो आकडा स्पष्ट लिहिला आणि मुदत वाढवून मागितली. चार दिवसांनी फोन आला : मुदत वाढवली, पाच हजारांची सवलत, सरासरी ८५ च्या खाली जाता कामा नये. ‘फक्त नववीपुरती की चारही वर्षं?’ मी विचारलं. चारही वर्षं. ते लेखी मागून घेतलं.

बसचं एका शेजारणीने सांगितलं. हायस्कूल घरापासून अडीच मैलांहून लांब आणि वीस मैलांच्या आत असेल, तर आपलं सरकारी स्कूल डिस्ट्रिक्ट बस देतं, नाहीतर बसऐवजी ठरावीक रक्कम. त्याचा अर्ज नव्या शाळेकडूनच मिळाला.

पहिला हप्ता भरला त्या रात्री वसईला आईला फोन केला. फी किती, हे तिने विचारलंच नाही. शाळेत मिस्सा होते का, एवढंच विचारलं. ‘महिन्यातून एकदा, आणि रोज सकाळी प्रार्थना,’ लेकीनेच फोन घेऊन सांगितलं.